पाखाडी पाण्यापर्यंत जाऊ द्या : महसूलमंत्र्यांना खुले पत्र

माननीय महसूलमंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस

सप्रेम नमस्कार.

मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खाडीकाठच्या वाडीत राहतो. आमच्या वाडीतून खाडीवर उतरायला एक पाखाडी आहे. जांभ्याच्या पायऱ्या, दोन्ही बाजूंना गडगे (दगड रचून केलेल्या बुटक्या भिंती), आणि मध्ये दोन माणसं एकमेकांना वाट देतील एवढीच जागा. या वाटेनं बायका ओहोटीला मुळे, म्हणजे खाडीतले शिंपले, काढायला जातात. गौरी-गणपती विसर्जनाला याच वाटेनं उतरतात. माणूस गेला की दहाव्याचं करायला आम्ही इथूनच पाण्यावर जातो. शिमग्यात देवाची पालखी घरोघर फिरते, तिचा मार्गही ठरलेला असतो आणि त्यातला एक टप्पा ही पाखाडी आहे.

तीन वर्षांपूर्वी पाखाडीच्या खालच्या अंगाची जमीन विकली गेली. नव्या मालकांनी चिऱ्याचं कुंपण घातलं आणि वाटेवर लोखंडी फाटक बसवलं. त्यांना दोष देताना मी थांबतो, कारण त्यांच्या खरेदीखतात वाटेचा उल्लेख नाही आणि सातबाऱ्यावर तशी नोंदही नाही. त्यांनी जमीन पाहिली, पैसे मोजले, कुंपण घातलं. त्या वर्षी पालखी डांबरी रस्त्यानं वळसा घेऊन गेली. मुळेवाल्या बायका आता दीड किलोमीटर जास्त चालतात, ओल्या टोपल्या डोक्यावर घेऊन. ओहोटी कोणासाठी थांबत नाही, त्यामुळे तेवढा वेळ त्यांच्या मिळकतीतून जातो.

आम्ही तहसिलात दाद मागायला गेलो. तिथे पहिला प्रश्न विचारला गेला, ‘‘पलीकडे तुमची जमीन आहे का?’’ पलीकडे खाडी आहे, असं आम्ही सांगितलं. मग अर्ज बसत नाही, असं उत्तर मिळालं.

साहेब, हे पत्र त्या एका प्रश्नासाठी लिहितो आहे. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम 1966 चं कलम 143 बांधावरून वाट देतं, पण ती जमीनधारकाला स्वतःच्या शेतात जाण्यासाठी. मामलेदार न्यायालय अधिनियम 1906 चं कलम 5 अडवलेली वाट मोकळी करून देतं, तेही शेतीच्या वापरासाठी, आणि अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा केला तर. दोन्ही कायदे शेतकऱ्याच्या फार उपयोगाचे आहेत. पण ज्याच्या नावावर गुंठाभरही जमीन नाही आणि ज्याला फक्त पाण्यापर्यंत चालत जायचं आहे, त्याच्यासाठी तहसिलात कोणतं दार आहे? मुळे काढणाऱ्या बहुतेक बायकांच्या नावावर काहीच नसतं.

खरं तर हक्क त्यांच्याकडे आहे. त्याच 1966 च्या कायद्याचं कलम 20 सांगतं की सार्वजनिक रस्ते, गल्ल्या आणि वाटा, नद्या-नाल्यांचे तळ, भरतीरेषेखालचे खाडीचे तळ हे सगळं शासनाच्या मालकीचं आहे. म्हणजे पाखाडी सार्वजनिक, खाडीही सार्वजनिक, आणि फाटक लागलं ते या दोघींच्या मध्ये. गावनकाशावर पायमार्ग एका तुटक रेषेनं दाखवतात आणि त्याची रुंदी सव्वाआठ फूट, म्हणजे जुन्या मोजणीतली पाव साखळी धरतात. गावातल्या किती जणांनी ती रेषा कधी पाहिली असेल? नकाशा एका कार्यालयात, सातबारा दुसऱ्या जागी, आणि जमीन विकत घेणारा पाहतो फक्त सातबारा.

समुद्रकिनाऱ्याबाबत हा विचार आधीच झालेला आहे. सागरी किनारा नियमन क्षेत्राच्या 2011 च्या अधिसूचनेत, लोकांना किनाऱ्यावर जाता यावं म्हणून दोन हॉटेलांच्या मध्ये किमान 20 मीटरची मोकळी जागा ठेवायला सांगितलं आहे. कुंपणानं लोकांची किनाऱ्याकडे जाण्याची वाट अडता कामा नये, असंही तिथे लिहिलं आहे. खाडीकाठी बंगले आणि फार्महाऊस एकामागून एक उभे राहतात, तिथे असं कोण पाहतं? नदीच्या आणि पऱ्याच्या (ओढ्याच्या) काठी तर कोणीच नाही. इथल्या त्यांच्या अमदानीत साखळीनं गावं मोजणाऱ्या इंग्रजांनी स्वतःच्या देशात 1949 साली कायदा करून कौंटी कौन्सिलांना सार्वजनिक पायवाटांचे अधिकृत नकाशे करायला लावले. त्या नकाशावर वाट आली की ती सार्वजनिक आहे याचा दुसरा पुरावा लागत नाही. आपल्याकडे निम्मं काम गावनकाशानं आधीच करून ठेवलं आहे.

मे 2025 मध्ये आपल्या विभागानं शेतरस्ते तीन ते चार मीटर रुंद करण्याचा आणि त्यांची नोंद सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात घेण्याचा निर्णय केला. नोंदीचा भाग वाचून मला मनापासून आनंद झाला. तीच नोंद पायवाटांनाही हवी आहे. रुंदीची मात्र धास्ती वाटते. पाखाडीवर जेसीबी घालू नका. तिच्या पायऱ्यांवरून ट्रॅक्टर जाणार नाही, जायलाही नको. गडगे पाडून, आंबा-फणसाची मुळं उघडी करून तिचा रस्ता केला, तर पावसाळ्यात तिथून माती खाडीत उतरेल आणि चालणाऱ्याची वाट जाईल ती जाईलच. तिला आहे तशीच ठेवून मोजा, हद्दीचे दगड लावा, पडलेल्या पायऱ्या बसवा आणि पऱ्यावरचा साकव (छोटा पूल) पावसाआधी तपासा.

येत्या 1 मेच्या ग्रामसभेत प्रत्येक गावचा नकाशा भिंतीवर लावावा. ग्राम महसूल अधिकाऱ्यांनी (तलाठ्यांनी) नदी, खाडी, पऱ्या, झरा यांच्याकडे उतरणारी प्रत्येक तुटक रेषा वाचून दाखवावी. नकाशात नसलेल्या वाटा म्हाताऱ्या माणसांकडून लिहून घ्याव्यात, आणि हे काम लवकर व्हावं, कारण ती माणसं दरवर्षी कमी होत आहेत. ज्या गटातून वाट जाते त्या गटाच्या उताऱ्यावर ती चढावी, म्हणजे उद्याच्या खरेदीदाराची फसगत होणार नाही. बिनशेती परवानगी आणि मोजणी या दोन्ही वेळी वाट दाखवल्याशिवाय कागद पुढे सरकू नये. आणि अडवलेल्या सार्वजनिक वाटेविरुद्ध अर्ज करायला गावचा रहिवासी असणं पुरेसं असावं, जमिनीचा उतारा मागू नये.

फाटकाच्या मालकांशी आम्ही बोललो आहोत. त्यांची हरकत चोरीमारीच्या भीतीपोटी आहे, आणि ती खोटी नाही. कुंपण सव्वाआठ फूट आत घ्यायला ते तयार आहेत, फक्त वाट नेमकी कुठून जाते हे सरकारनं मोजून द्यावं, असं त्यांचं म्हणणं आहे. एका मोजणीचं काम आहे.

पुढच्या शिमग्याच्या आधी ती झाली, तर पालखी पाखाडीनं उतरेल.

आपला नम्र,
खाडीकाठचा एक रहिवासी