बाबा, एस्टीमबद्दल सांगायचं होतं

आई, बाबा, नमस्कार.

फोनवर सांगणार होतो पण ताईकडे फोन नेहमी स्पीकरवर राहते, म्हणून लिहून राहिलो. आई, तूच वाचून दाखव, बाबांनी ऑपरेशनच्या डोळ्यावर ताण द्यायचा नाही.

बाबा, आपल्या एस्टीम गाडीला मी टर्बो बसवला, म्हणजे इंजिनच्या धुरावर फिरून इंजिनात जास्त हवा दाबणारा पंखा. तुम्हाला न विचारता. मागे कोठ्यात इंजिन खोललेलं तुम्ही पाहिलं न, तेव्हा गॅस्केट गेलं म्हणालो होतो. बदललं खरंच, पण मुद्दाम जाड टाकलं, टर्बोसाठी कॉम्प्रेशन, म्हणजे इंजिनातला दाब, कमी करायला. तेवढं लपवलं ते तेव्हापासून मनात टोचून राहिलं आहे.

आणि दुसरं म्हणजे आता ती रोडवर चालणार नाही. कंपनीच्या गाडीत असा बदल कायद्याने चालत नाही, कलम 52 आहे, 2019 मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच सांगितलं. ट्रेलरवर टाकून ट्रॅकवर नेणार, जमलं तर कोइम्बतूरच्या कारी स्पीडवेला. मला माहीत आहे ती कोणती गाडी आहे. 2001 ला संत्र्याच्या आंबिया बहाराच्या पैशातून घेतलेली, शेगावला जाताना मी मागे आईच्या मांडीवर आणि आई संत्र्याची एकेक फोड बिया काढून तोंडात देत होती, अजून त्या सीटला तोच वास येते असं वाटते मला. म्हणूनच विकली नाही. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी पासिंग, यंदा पुन्हा आलं होतं, विकली असती तर कोणीतरी कापून भंगारात घातली असती न. संत्र्याच्या पैशाला हात लावला नाही, सगळं माझ्या पगारातलं, टर्बो पण भंगारातल्या डिझेल स्विफ्टचा आहे. पेट्रोलचा धूर डिझेलपेक्षा जास्त गरम म्हणून बूस्ट, म्हणजे टर्बोच्या हवेचा दाब, फक्त 0.4 बार ठेवला, जास्तीचा मोह केला नाही.

आता शेवटची कामं राहिली. टर्बोतून धूर बाहेर नेणाऱ्या डाउनपाइपला उष्णता अडवणारी पट्टी, टर्बोची हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरच्या पाइपांचे क्लॅम्प, डॅशबोर्डवर बूस्टचं मीटर. परवा रात्री चालू केली तर मागून निळा धूर, माझे हातपायच गळाले. टर्बोतलं तेल आपल्या वजनानेच खाली उतरायला पाहिजे आणि मी परतीच्या पाइपला मधे पोट ठेवलं होतं, तेल तिथं तुंबून सीलमधून गळत होतं. खाली झोपून बॅटरीच्या उजेडात पाहत असताना तुमचंच आठवलं, वावरात दांड काढताना म्हणायचे न, पाण्याला चढ दाखवू नको. पाइप काढून सरळ उतरता बसवला, थोड्या वेळात धूर बंद. रात्री दीड वाजता तुम्हाला फोन लावावा वाटला.

तुमच्यासाठी जुनी वॅगनार घेतली आहे. सीट उंच आहे, आईला गुडघे दुमडून खाली बसावं लागणार नाही, दरवाजापण मोठा उघडते. एसीचा गॅस भरला, मागच्या काचांना पडदे लावले, बाबांचा सीटवरचा टॉवेल धुऊन तोच टाकला. एस्टीममधले गजानन महाराज मात्र काढले नाहीत, ते तिथंच राहू द्या. हॉर्नपण तोच आहे.

बाबा, डोळा अजिबात चोळायचा नाही, थेंब घड्याळ पाहून, काळा चष्मा घरातपण. ताईच्या गच्चीवर कुंड्या उचलायला जाऊ नका. आई, शुगरची गोळी जेवणाआधीची आहे, "मग घेतो" चालणार नाही, मी ताईला विचारणार. इथलं काळजीचं काही नाही, गड्याला संत्र्याचं पाणी सांगितलं आहे, कूलरची खस बदलली, मी दोन्ही वेळा जेवतो.

बाबा, रागवा, पण घरी येऊन रागवा. डॉक्टर हो म्हणतील तेव्हा कोठ्यापासून विहिरीपर्यंत एस्टीम तुम्हीच चालवायची. बंद करायच्या आधी एक मिनिट तशीच चालू ठेवायची, टर्बो थंड व्हायला तेवढा वेळ लागते. एसटीने निघू नका, मी रविवारी नागपूरला न्यायला येतो.

तुमचा
गोलू