चालायच्या ट्रॅकचं रोजचं झाडणं कोणाचं काम?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या मंगळवारी आमच्या वॉकिंग ग्रुपमधल्या एक मावशी ट्रॅकवर पडल्या. वय ७१, उजवं मनगट मोडलं, दीड महिन्याचं प्लास्टर. त्या काही घाईत नव्हत्या, मोबाईलही पाहत नव्हत्या. आदल्या रात्री अवकाळी पाऊस पडून गेला होता, सागाची पानं ओली होऊन ट्रॅकला चिकटली होती आणि त्या पानांखाली एक गट्टू, म्हणजे ट्रॅकला बसवलेला सिमेंटचा ठोकळा, उचकटून वर आलेला होता, तो दिसलाच नाही. वरून अंधार. जानेवारीत आपल्या नागपुरात सूर्य उगवायला पावणेसात होऊन जातात आणि आमच्या ट्रॅकवरचे लाईट बरोबर सहाला बंद होतात, कारण टायमर उन्हाळ्यात लावलेला आहे तो तसाच आहे. त्या गट्टूबद्दल आम्ही दिवाळीच्या आधी अर्ज दिला होता. एका ऑफिसात सांगितलं हे आमच्याकडे येत नाही, दुसरीकडे सांगितलं फाईल वर गेली आहे. मी नावं घेत नाही, कारण माझं भांडण कोणा एका साहेबाशी नाहीच आहे, मला जे म्हणायचं आहे ते वेगळं आहे आणि त्यासाठी थोडं लांबून सांगावं लागेल, तेवढी जागा द्यावी ही विनंती.

मागचा हिवाळा मी मुलीकडे होते, अमेरिकेत मिनियापोलिसला, तिचं बाळंतपण होतं म्हणून नोव्हेंबर ते मार्च. मी ६६ वर्षांची, शाळेतून रिटायर झालेली, वीस वर्षांवर झाली रोज सकाळी चालते, शुगर आहे म्हणून डॉक्टरांनीच लावलेली सवय. जाताना मला थंडीपेक्षा जास्त भीती पडायची होती. आपल्याकडे २९ डिसेंबर २०१८ ला पारा ३.५ वर गेला होता तर आपण अजून त्याच्या गोष्टी सांगतो, तिथे जानेवारीत उणे वीस म्हणजे लोक नुसती टोपी खाली ओढून कामाला निघतात. वर्षभराचा मिळून सरासरी चार फुटांच्या वर बर्फ पडतो. मी मनाशी धरूनच गेले होते की बाप्पा, आता पाच महिने घरातच फेऱ्या मारायच्या.

पण तसं झालं नाही. मुलीच्या घराजवळ लेक हॅरिएट नावाचा तलाव आहे, भोवती चालायचा रस्ता, एक चक्कर साधारण साडेचार किलोमीटरची. पहिला मोठा बर्फ पडला त्या दिवशी मी खिडकीत बसून होते तर जावई म्हणाले, आई, उद्या सकाळी जाऊन तर पाहा. गेले. रात्रभर सहा-सात इंच पडलेला असेल, आणि तलावाच्या रस्त्यावर डांबर दिसत होतं! एक छोटासा ट्रॅक्टर, पुढे मोठा गोल फिरणारा ब्रश, तो उजाडायच्या आधीच एक फेरी मारून गेला होता. आजी-आजोबा चालून राहिले, कुत्रे घेऊन लोक चालून राहिले, एक बाई तर बाबागाडी ढकलत पळत होती.

मला या गोष्टीचं इतकं वाटलं की मी जो भेटेल त्याला विचारत सुटले की हे कसं होतं, कोण करतं. एक गोष्ट समजली ती अशी की ताजा बर्फ कापसासारखा हलका असतो, ब्रशनं सहज उडतो, पण त्याच्यावर पाचपन्नास लोक चालले की तो दाबल्या जातो आणि मग त्याचा दगड होतो, तो पुढे आठ-आठ दिवस निघत नाही. म्हणून सगळी धावपळ पहाटेची, लोकांची पावलं पडायच्या आधीची. दुपारी ऊन पडलं की कडेचा ढीग वितळून पाणी रस्त्यावर येतं, रात्री तेच पाणी गोठून काचेसारखा पातळ थर होतो, वरून नुसता ओला डांबरी रस्ता वाटतो आणि पाय ठेवला की माणूस आडवा. म्हणजे एकदा झाडून झालं असं तिथे नसतंच, रोज पाहावं लागतं. मुलीनं मला चालायलाही शिकवलं, छोटी छोटी पावलं, पाय थोडे बाहेर वळवून, हात खिशाबाहेर.

आणि घरासमोरचा फुटपाथ? तो घरमालकानं साफ करायचा. बर्फ थांबल्यापासून २४ तास, दुकानं आणि मोठ्या बिल्डिंगा असतील तर दिवसाच्या वेळेतले ४ तास. नाही केला तर कोणीही शहराच्या ३११ या तक्रारीच्या नंबरवर फोन करतो, तपासणी होते, तरीही नाही केला तर शहराची माणसं येऊन साफ करून जातात आणि बिल घरमालकाला, नाही भरलं तर घरटॅक्सात चढतं. जावई इंजिनियर माणूस, पण सकाळी सहाला फावडं घेऊन बाहेर, आधी आपला फुटपाथ मग शेजारच्या म्हाताऱ्या जोडप्याचा, मग ऑफिस. तलाव, बागा, त्यांच्यातले रस्ते हे सगळं पार्क बोर्डाकडे. हे बोर्ड १८८३ पासून आहे आणि त्याचे ९ सदस्य लोक मत देऊन निवडतात. बागेसाठी वेगळं मतदान! मला हे ऐकून दोन दिवस त्याचाच विचार.

तिथे सगळं छानच आहे असं मी म्हणत नाही. मोठ्या रस्त्यावरून बर्फ बाजूला सारणारा नांगराचा ट्रक गेला की सगळा बर्फ कोपऱ्यावर, नेमका जिथून फुटपाथवरून खाली उतरायचं तिथे ढीग लागतो. मी स्वतः नातवाची बाबागाडी उचलून त्याच्यावरून नेली आहे, व्हीलचेअरवाल्यानं काय करायचं? यावर स्वीडनमधल्या कार्लस्कोगा नावाच्या गावानं फार साधी गोष्ट केली. तिथे आधी मोठे रस्ते साफ व्हायचे आणि फुटपाथ शेवटी. मग त्यांनी पाहिलं की गाडीतून जाणारे जास्त करून पुरुष आणि पायी, सायकलनं, लेकरांना पाळणाघरात सोडून जाणाऱ्या जास्त करून बाया, आणि बर्फात पडतो तो पायी चालणारा. गाडीला तीन इंच बर्फातून जाता येतं, बाबागाडीला येत नाही. त्यांनी क्रम बदलला, पाळणाघरांकडचे आणि पायी चालायचे रस्ते आधी. नुसता क्रम.

अजून एक, मिठाचं. बर्फ वितळवायला मीठ टाकतात हे आपण ऐकलेलं असतं, पण साधं मीठ साधारण उणे ९ डिग्रीच्या खाली फारसं काम करत नाही, तेव्हा पाय घसरू नये म्हणून वाळू टाकावी लागते. आणि मीठ कुठे जात नाही, ते तलावात उतरतं आणि तिथेच राहतं. मिनेसोटाचं प्रदूषण खातं लोकांना सांगतं की एक चमचा मिठानं ५ गॅलन म्हणजे १९ लिटर पाणी कायमचं बिघडतं. म्हणून आधी झाडा, खरवडा, मीठ अगदी शेवटी आणि चिमूटभर. तलावाकाठी चालणाऱ्यानं तलावाचाही विचार करायचा हे मला फार आवडलं, कारण आपल्याही निम्म्या चालायच्या जागा तलावाकाठीच आहेत, अंबाझरी, फुटाळा, सगळं पाण्याला लागून.

आता कोणी म्हणेल, मॅडम नागपुरात बर्फ कुठे आहे, इथे तर मे महिन्यात ४७ डिग्री. बरोबर आहे. पण आपलाही बर्फ आहे ना, फक्त तो वेगवेगळ्या रूपात पडतो. जुलै ते सप्टेंबर शेवाळ, सावलीतल्या गट्टूंवर हिरवं तेलासारखं. पावसाळा संपता संपता दोन्ही बाजूंनी गाजर गवत कमरेएवढं वाढून ट्रॅक निम्मा होतो, अंगाला लागलं की खाज आणि श्वासाचा त्रास वेगळा. आणि डिसेंबर-जानेवारीपासून पानगळ. सेमिनरी हिल्सला ज्यांनी चालून पाहिलं आहे त्यांना माहीत आहे सागाचं पान काय असतं, जेवायच्या ताटाएवढं. कोरडं असलं तर नुसता आवाज करतं, त्याचा काही त्रास नाही, मला तर आवडतो तो आवाज. पण त्याच्यावर अवकाळीचा एक सडाका आला आणि लोक चालले की ते चिकटतं, कुजतं, आणि खालचा खड्डा, उचकटलेला गट्टू, झाडाचं वर आलेलं मूळ सगळं झाकून टाकतं. म्हणजे तिथल्या बर्फासारखंच आहे, पावलं पडायच्या आधी उचललं तर एका खराट्याचं काम, नंतर खुरप्यानं खरवडत बसा.

आणि उचललेली पानं कोपऱ्यात ढीग करून पेटवायची नाहीत, हेही लिहून टाकते. थंडीत धूर खालीच राहतो, आम्ही फुप्फुसं साफ करायला येतो आणि धूर घेऊन घरी जातो. उघड्यावर कचरा जाळायला राष्ट्रीय हरित लवादानं २०१६ मध्येच ५,००० रुपये दंड सांगितला आहे, मोठ्या प्रमाणात जाळला तर २५,०००. ट्रॅकच्या कडेला दोन खड्डे करा, पानं त्यात टाका, वर थोडी माती आणि पाणी, पावसाळ्यापर्यंत खत तयार होऊन बागेलाच कामी येतं.

माझं म्हणणं एवढंच आहे की आपण ट्रॅक बांधतो आणि समजतो झाला. उद्घाटन होतं, फीत कापतात, पाटी लागते, पाटीवर कोणाच्या हस्ते हे असतं पण रोज सकाळी कोणाच्या हातानं हा झाडला जाणार हे कुठेच नसतं. शहरातल्या एका बागेचं गेट एका खात्याकडे, आतली झाडं दुसऱ्याकडे, लाईट तिसऱ्याकडे, कंत्राटदाराची मुदत संपली की मधे तीन महिने कोणीच नाही. मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की पायी चालणाऱ्याला नीट फुटपाथ मिळणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. बागेतला ट्रॅक म्हणजे फुटपाथ नाही असं कोणी म्हणेल, पण पाय तेच आहेत आणि मनगटही तेच मोडतं.

नागपूरकर हाताला माती लावायला मागे नाहीत. २३ सप्टेंबर २०२३ ला अंबाझरी ओव्हरफ्लो झाला आणि नाग नदीचं पाणी घराघरात शिरलं, तेव्हा गाळ उपसायला लोक स्वतः उतरले होते, मी पाहिलं आहे. आम्हीही आमच्या ट्रॅकवर करतो, श्रावणात पाच-सहा जणींनी खराटा आणि ब्रश घेऊन शेवाळ घासलं, पावडर-बिवडर काही टाकली नाही, नुसतं घासूनही निघतं. मावशी पडल्यावर सगळ्या हलणाऱ्या गट्टूंभोवती चुन्यानं गोल काढले, सतरा निघाले. पण पुराचा गाळ एकदा उपसायचा असतो, पानं रोज पडतात, आणि रोजचं काम उत्साहावर चालत नाही हो, त्याला पगारी माणूस, ठरलेली वेळ आणि विचारायला एक फोन नंबर लागतो.

म्हणून प्रत्येक ट्रॅकच्या गेटवर एक पाटी लावा, देखभाल कोणत्या खात्याची, कोणत्या पदाच्या माणसाची, नंबर कोणता, झाडायची वेळ कोणती. पाऊस पडून गेला की २४ तासांत ओली पानं उचलली गेली पाहिजेत, आणि उचलताना आधी गेट, उतार, पायऱ्या आणि वळणं, कारण पडतात ते तिथेच, सरळ सपाट भाग नंतर झाला तरी चालेल. लाईटचा टायमर वर्षातून दोनदा बदलायला किती खर्च येतो? एक माणूस, दहा मिनिटं. यातल्या कशालाही मशीन लागत नाही, टेंडर लागत नाही, आपल्याकडे तर नशिबानं उणे वीस डिग्रीही नाही. दोन खराटे, एक घमेलं, एक ढकलगाडी आणि पहाटे पाचला येणारा एक माणूस, ज्याला वेळेवर पगार आणि थंडीचं एक जॅकेट मिळालं पाहिजे. तिथे ट्रॅक्टर चालवणारा आत बंद केबिनमध्ये हीटर लावून बसतो, आपला झाडणारा चपलेवर असतो, हे मी रोज पाहते आणि मला ते बरं वाटत नाही.

ट्रॅकचं नाव, आमच्या ऑक्टोबरमधल्या अर्जाची पोच आणि त्या सतरा गट्टूंचे फोटो पत्रासोबत जोडले आहेत. ते छापायची गरज नाही, पण ज्यांचं काम आहे त्यांच्यापर्यंत तुमच्याकडून पोचवता आले तर फार उपकार होतील. मी रोज सव्वासहाला गेटजवळ असते, कोणी पाहायला आलं तर सोबत फिरून एक एक जागा दाखवीन.

आपली नम्र,
एक रोजची चालणारी वाचक, नागपूर