१:१६ च्या बॅरलसाठी ६० ग्रेनची काडतुसं विकल्याबद्दल तक्रार

दिनांक : १३ जानेवारी २०२५
चिंचवड, पुणे

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : पॉइंट टू-टू रायफलची ६० ग्रेन गोळीची ५०० काडतुसं परत घेऊन पैसे मिळणे आणि खोक्यावरचा मजकूर दुरुस्त होणे याबाबत.

महोदय,

गेल्या नोव्हेंबरात तुमच्या पुण्यातल्या दुकानातून मी वरील काडतुसं घेतली. पैसे मोजायच्या आधी काउंटरवर स्पष्ट विचारलं होतं, "माझ्या बॅरलचा ट्विस्ट १:१६ आहे, ६० ग्रेन चालेल का?" (ट्विस्ट म्हणजे बॅरलच्या आतल्या खाचांचा पीळ, १:१६ म्हणजे १६ इंचांत एक फेरा. ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप.) तुमचा विक्रेता म्हणाला, "काका, टू-टू म्हणजे टू-टू. सगळ्यांत चालतात. उलट गोळी जड आहे, वाऱ्याला दबणार नाही." खोक्यावरही 'सर्व टू-टू एलआर रायफलींसाठी' असंच छापलेलं आहे. मी विश्वास ठेवला.

डिसेंबरात एका सकाळी बालेवाडीच्या ५० मीटर रेंजवर ती पहिल्यांदा भरली. आधी माझी नेहमीची ४० ग्रेनची पाच मारली, पाचही काळ्याच्या मधोमध. मग तुमची दहा. लक्ष्य जवळ आणून पाहिलं तर कागदावर सातच भोकं, आणि त्यांतली पाच गोल नव्हती. गोळी आडवी होऊन कागदातून गेल्याचा लांबट ठसा होता, ज्याला आम्ही नेमबाज कीहोल म्हणतो. उरलेल्या तीन गोळ्यांपैकी एकीनं शेजारच्या लेनच्या चौकटीची कड उडवली होती. तिथे एक मुलगी प्रोनमध्ये, म्हणजे पालथं पडून, सराव करत होती. मी त्याच क्षणी रायफल रिकामी केली आणि रेंज ऑफिसरला सांगून थांबलो. दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं असतं. तिथे एखादा मिलिमीटर हुकला तरी माणूस हळहळतो. शेजारच्या लेनमध्ये गोळी जाणं ही हळहळण्याची गोष्टच नाही.

तुम्हाला ईमेल केला, त्याला चार ओळींचं उत्तर आलं : "बॅरल झिजलं असावं किंवा त्याच्या तोंडाला इजा झाली असावी, गनस्मिथला दाखवावे." हे पत्र मुख्यतः त्या चार ओळींसाठी लिहितो आहे.

मी ३१ वर्षं लेथवर काढली. आटे पाडणं हा माझा धंदा होता, पिच कसा मोजायचा हे मला कुणी शिकवायला नको. तरीही शंका नको म्हणून बॅरल तपासलं. क्लीनिंग रॉडला घट्ट बसणारा पॅच लावला, रॉडवर खूण केली आणि तो सावकाश आत सरकवत गेलो. दांडा फिरत फिरत जातो, खूण पुन्हा वर आली की एक फेरा पूर्ण. अंतर भरलं बरोबर १६ इंच. भिंगाखाली तोंड पाहिलं, एक ओरखडा नाही. त्याच दुपारी ४० ग्रेनची आणखी २० मारली. वीसही भोकं गोल.

दोष बॅरलचा नाही. दोष तुमच्या गोळीचाही नाही. या गोळीला या बॅरलचा पीळ पुरत नाही, एवढंच, आणि ते सांगणं विकणाऱ्याचं काम होतं.

तुमचे लोक 'जड गोळी' म्हणतात तिथेच चूक सुरू होते. व्यास तोच ठेवून वजन वाढवायचं तर शिसं मागे-पुढेच वाढणार. गोळी लांब होते, आणि पीळ मागते ती लांबी. बुटका भोवरा थोड्या गतीत उभा राहतो, उंच भोवऱ्याला जास्त गरगर लागते, तसंच. १८७९ साली वुलिचला तोफखान्याच्या अधिकाऱ्यांना गणित शिकवणाऱ्या ग्रीनहिलनं यासाठी एक साधं सूत्र दिलं : व्यासाचा वर्ग गुणिले १५०, भागिले लांबी. उत्तर येतं ते किती इंचांत एक फेरा हवा त्याचं. टू-टूच्या गोळीचा व्यास ०.२२४ इंच धरा. १६ इंचांच्या पिळाला त्या हिशेबानं साधारण ०.४७ इंच लांबीची गोळी पेलते. ४० ग्रेनची गोळी तिथेच बसते. तुमची ६० ग्रेनची मी व्हर्नियरनं मोजली, ०.७ इंच भरली. तिला पावणेअकरा इंचांत एक फेरा हवा. अशा गोळीसाठी १:९ चं बॅरल सुचवतात ते उगीच नाही.

त्यात वेगही कमी. ४० ग्रेनची गोळी सेकंदाला साधारण ३२५ मीटरनं सुटते, म्हणजे १६ इंचांच्या पिळात सेकंदाला ८०० फेरे. ६० ग्रेनची २९० मीटरच्या आसपास सुटते, तिचे फेरे ७०० च्या थोडे वर. जिला जास्त फिरकी हवी तिला कमी मिळते. आणि गिऱ्हाइकाला हे कळणार कसं? केस (दारूचं पितळी नळकांडं) आखूड ठेवल्यामुळे काडतुसाची एकूण लांबी नेहमीइतकीच आहे. ते चेंबरमध्ये बिनतक्रार बसतं, घोडा ओढला की सुटतं. चूक कळते ती ५० मीटरवर.

हे ज्ञान नवं नाही. अमेरिकेच्या एम-१६ रायफलचा पीळ आधी १:१४ होता. थंड, दाट हवेत ५५ ग्रेनची गोळी डगमगू लागली म्हणून तो १:१२ केला. पुढे ६२ ग्रेनची गोळी आणि तिच्याहूनही लांब ट्रेसर (उजेड सोडत जाणारी गोळी) आली तेव्हा थेट १:७. सैन्यं गोळी बदलताना बॅरल बदलतात. तुम्ही गिऱ्हाइकाला गनस्मिथकडे पाठवता.

माझं वय झालं, मी व्हेटरन गटात मारतो. पण स्वप्नील कुसाळेनं ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिस ऑलिम्पिकच्या ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्य मिळवल्यापासून आमच्या रेंजवर पोरं वाढली आहेत. त्यांतल्या एका सोळा वर्षांच्या मुलाच्या प्रशिक्षकांनी हीच काडतुसं घेतली, त्यांनाही तुमच्याकडून हेच उत्तर मिळालं. स्पर्धा तीन आठवड्यांवर असताना ते चांगलं बॅरल बदलायला निघाले होते. मुलगा आपलीच पोझिशन चुकतेय म्हणून रोज रात्री दस्त्याची मापं बदलत बसला होता. मी माझे कागद त्याच्यापुढे ठेवले तेव्हा त्याचा चेहरा कसा झाला, ते तुम्ही पाहायला हवं होतं.

काडतुसं ही भाजी नव्हे. ती माझ्या परवान्यावर नोंदली गेली आहेत, म्हणून ती कायदेशीर नोंदीसह परत घेण्याची सोय तुम्हीच करावी. वापरलेली १० सोडून ४९० शिल्लक आहेत, पैसे मात्र पूर्ण ५०० चे द्यावेत. खोक्यावरचं 'सर्व' काढून गोळीची लांबी आणि लागणारा ट्विस्ट ठळक छापावा, इथल्या दुकानात मराठीतही लावावा. काउंटरवरच्या माणसांना एवढं तरी शिकवा की 'बॅरलचा ट्विस्ट किती?' हा प्रश्न त्यांनी गिऱ्हाइकाला विचारायचा असतो. आणि ज्यांना ज्यांना 'बॅरल खराब आहे' असं कळवलंत त्या प्रत्येकाला दुरुस्तीचं पत्र पाठवा, त्या मुलाच्या प्रशिक्षकांना सगळ्यांत आधी.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा आयोगाकडे जाईन.

कळावे,

आपला,
एक ग्राहक

सोबत : पावतीची प्रत, तुमच्या ईमेलची प्रत, दोन्ही गोळ्यांची लक्ष्यं. कीहोलभोवती लाल पेन्सिलीनं गोल केले आहेत.