वास पहाटेचा, पाहणी दुपारची

महोदय,

थंडी सुरू झाली की कोपरखैरणे, घणसोली भागात पहाटे उग्र वास येतो, रहिवासी तक्रार करतात आणि दुपारी पाहणीला आलेल्या मंडळींना काहीच आढळत नाही. यात कोणी खोटे बोलत असेलच असे नाही, कारण पहाटेचा वारा आणि दुपारचा वारा मुळात एक नसतात.

खारे आणि मतलई वारे आपण शाळेत शिकलो. आपल्याकडे पश्चिमेला खाडी, पूर्वेला पारसिकचा डोंगर, आणि मधल्या ठाणे-बेलापूर रस्त्याच्या एका अंगाला वस्ती तर डोंगराच्या अंगाला कारखाने आहेत. दुपारचा खारा वारा धूर डोंगराकडे लोटतो. रात्री जमीन निवली की वारा उलटतो आणि उतारावरची गार, जड हवा संथपणे वस्तीकडे सरकते.

दिशेपेक्षाही हवेचा थर महत्त्वाचा आहे. दिवसा तापलेली हवा वर चढते, वरची खाली येते, आणि या घुसळणीत वरच्या वाऱ्याचा वेग जमिनीपर्यंत पोहोचतो, धूरही विरतो. निरभ्र रात्री जमिनीलगतची हवा आधी गार होते, तिच्यावर तुलनेने उबदार हवेचे झाकण बसते (यालाच तापमानाची विपरीतता म्हणतात), आणि वरच्या वाऱ्याशी तिचा संबंध जवळजवळ तुटतो. काहीशे मीटर उंचीवर वारा दिवसापेक्षाही जोराचा असू शकतो, खाली मात्र पान हलत नाही. उंच इमारतीतले स्नेही ‘रात्री छान वारा होता’ म्हणतात, तेव्हा तळमजल्यावरच्या आम्ही काय बोलावे? पावसाळ्यात ढग आणि नैर्ऋत्येचा जोरदार वारा यांमुळे हा फरक फारसा जाणवत नाही.

सूक्ष्म धूलिकण पीएम २.५ यांची मर्यादा चोवीस तासांच्या सरासरीवर, घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅम, अशी ठरलेली आहे. दुपारची मोकळी हवा या सरासरीत पहाटेची कोंडी झाकून टाकते, आणि उग्र वासाचे कित्येक वायू तर हवेच्या निर्देशांकात मोजलेच जात नाहीत.

कोणा एका कारखान्याकडे बोट दाखवण्याचा हेतू नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात पाहणी मध्यरात्र ते सूर्योदय या वेळेत व्हावी, प्रत्येक तक्रारीसोबत त्या घटकेची वाऱ्याची दिशा व वेग नोंदवला जावा, आणि तासागणिक आकडे नागरिकांना पाहता यावेत, एवढीच संबंधितांना विनंती आहे.

आपला,
एक वाचक, कोपरखैरणे, नवी मुंबई