मी नसले तरी थिबा राजवाडा बघून या

तीर्थरूप बाबा आणि आई,
सा. न. वि. वि.

रत्नागिरीची तिकिटं काढली आहेत, हे आधीच सांगते. फोनवर विचारलं असतं तर आई, तू "तुला सुट्टी मिळाली की बघू" म्हणाली असतीस आणि हाही डिसेंबर गेला असता. मला सुट्टी मिळत नाहीये. कबूल केलं होतं, ते पाळता आलं नाही, फार वाईट वाटतंय. पण गुडघे माझ्या सुट्टीसाठी थांबणार नाहीत. शिवाय पावसाळ्यात कोकण रेल्वेच्या गाड्या हळू धावतात, मे महिन्यात उकाडा सोसत नाही. डिसेंबरच बरा. जनशताब्दीला बसायच्या जागा आहेत, वरच्या बर्थचा प्रश्नच नाही. खोली तळमजल्यावर घेतली आहे, कमोड आहे, गरम पाणी आहे. विचारून घेतलंय.

पोचल्या दिवशी कुठेही जायचं नाही. राजवाड्यातलं संग्रहालय सोमवारी बंद असतं म्हणून मंगळवार धरलाय. सकाळी उघडल्या उघडल्या जा. बाबा, तुम्ही नाश्ता करून, गोळी घेऊनच निघायचं. रिकाम्या पोटी "आधी बघून येऊ" चालणार नाही. अंबरनाथला काय झालं होतं ते आईला विचारा.

बाहेरच्या उन्हातून आत शिरलात की दाराशी दोन मिनिटं नुसते उभे राहा. डोळे अंधाराला सरावायला वेळ घेतात, आणि म्हातारपणी उंबरठ्याला ठेच लागते ती नेमकी तेव्हाच. (म्हातारपणी म्हटलं, रागावू नका.) जुन्या वस्तूंवर उजेड मुद्दामच कमी ठेवतात. कापडाचा रंग एकदा उडाला की परत येत नाही. तेव्हा जवळचा चष्मा खिशात हवा, पिशवीच्या तळाशी नको.

आई, ती प्लॅस्टिकची चप्पल घालू नकोस. वरच्या नृत्यदालनात संगमरवरी फरशी आहे. रबरी तळव्याचे बूट घाल, मग कसेही दिसोत. जिना चढावासा वाटला तर चांगला पाय आधी टाक. उतरताना दुखरा पाय आधी, काठीसोबत. काठी नेहमी चांगल्या पायाच्या बाजूच्या हातात. गुडघ्यावर खरा भार उतरतानाच येतो, म्हणून वर जायच्या आधीच उतरायचा विचार कर. नाही चढलीस तरी काही बुडत नाही.

आणि सगळं बघायचा हट्ट नको. चालण्यापेक्षा थबकत थबकत उभं राहण्यानंच पाठ जास्त भरून येते. वीस मिनिटं बघा, दहा मिनिटं बसा. बाबा, तुमच्यासाठी दगडी शिल्पं आहेत, दहाव्या ते सोळाव्या शतकातली. चार हातांचा विष्णू दिसला तर मूर्तीच्या खालच्या उजव्या हातापासून बघायला लागा (म्हणजे आपल्या डावीकडच्या), तिथून वरचा उजवा, वरचा डावा, मग खालचा डावा. पद्म, शंख, चक्र, गदा या क्रमानं आली तर तो केशव. क्रम बदलला की नाव बदलतं, अशी विष्णूची चोवीस नावं. समोरून कोरीवकाम सपाट वाटतं. जरा बाजूला सरकलात की सावली पडून बोटं उठून दिसतात. फक्त हात लावू नका. घामातलं मीठ आणि त्वचेवरचं तेल दगडात मुरतं.

आई, तुला मात्र त्या घराचीच गोष्ट आवडेल. १८८५ साली इंग्रजांनी ब्रह्मदेशच्या थिबा राजाला पदच्युत केलं आणि १८८६ मध्ये रत्नागिरीला आणून ठेवलं. हा वाडा झाला १९१० साली. तोवरची चोवीस वर्षं दुसऱ्यांच्या बंगल्यांत गेली, आणि इथं राहायला जेमतेम सहाच मिळाली. १९१६ मध्ये ते वारले. समाधी रत्नागिरीतच आहे. १९१९ साली राणी मायदेशी गेली, पण रंगूनला, त्यांच्या जुन्या राजधानीला, मंडालेला नाही. थोरली मुलगी पुन्हा रत्नागिरीला आली आणि इथलीच झाली. हे सगळं मनात धरून त्या अर्धवर्तुळाकार लाकडी खिडक्यांपाशी थोडा वेळ थांब. लहानपणी मला मांडीवर घेऊन तू राजाराणीची गोष्ट सांगायचीस ना, तसं बाबांना सांग. मागच्या बाजूला राजानं आणलेली बुद्धमूर्ती आहे, तीही बघा.

दुपारी झोपा. संध्याकाळी जवळच्या थिबा पॉइंटवर रिक्षानं जा, तिथून भाट्याची खाडी दिसते. रिक्षावाल्याला थांबवूनच ठेवा, परतीला शोधत बसू नका. वारा सुटतो, बाबांचा मफलर आईच्या पिशवीत.

गोळ्यांचे दोन संच करा, एक आईकडे, एक बाबांकडे. खोलीवर पोचलात की फोन करा. मीटिंगमध्ये असले तरी उचलीन.

तुमची,
चिमी