कटरच्या खोक्यातल्या वॉरंटी कार्डाबद्दल ग्राहक व्यवहार मंत्र्यांना खुले पत्र

मा. केंद्रीय ग्राहक व्यवहार, अन्न व सार्वजनिक वितरण मंत्री,
नवी दिल्ली

सप्रेम नमस्कार.

माझं विट्यात मोटार वायंडिंगचं दुकान आहे. उन्हाळ्यात विहिरीवरच्या मोटारी, एरवी ग्राइंडर, ड्रिल मशीन, मार्बल कटर. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी ‘वॉरंटीत बसत नाही’ म्हणून परत केलेली मशीनं शेवटी माझ्याच टेबलावर येतात. म्हणून हे पत्र.

आधी आमच्या बाजूची चूक सांगतो. वॉरंटी म्हणजे मशीन जळलं की फुकट नवं, असं आमच्या कारागिरांना वाटतं. तसं नसतं. माल किंवा बनावट सदोष असेल, तेवढ्यापुरतीच ती हमी असते. कार्बन ब्रश झिजणार, वायर बुडाशी तुटणार, ड्रिलचं पातं धरणारा चक ढिला होणार. हे वापरानं होतं आणि कंपनी ते देत नाही. ब्लेड, डिस्क तर सोडूनच द्या. साइटवर मीटरपासून तीस-तीस मीटर बारीक वायर ओढलेली असते. तिच्यात व्होल्टेज पडतं, मशीन मंदावतं, मग गडी आणखी जोर लावून दाबतो. गार करणारा पंखा आर्मेचरच्याच, म्हणजे मोटारीतल्या तार गुंडाळलेल्या फिरत्या भागाच्याच शाफ्टवर, तोही मंदावतो. वारा मिळाला नाही की तारेवरचं व्हार्निशचं इन्सुलेशन जळतं. असं मशीन उघडलं की आर्मेचर चारही बाजूंनी सारखं काळं दिसतं. ते कंपनीनं का भरून द्यावं? मी स्वतः गिऱ्हाइकाला तोंडावर सांगतो, बाबा, हे तुझ्या वायरनं खाल्लं.

पण साहेब, सगळी मशीनं अशी जळत नाहीत.

मध्यंतरी फरशीकाम करणारा एक पोरगा कटर घेऊन आला. वॉरंटी सहा महिन्यांची, मशीन चार महिन्यांचं. सेंटरमध्ये ‘ओव्हरलोड’ एवढंच तोंडी सांगून परत दिलेलं. मी खोललं तर आर्मेचरवरची एकच कॉइल जळलेली, शेजारच्या लाल-चकचकीत, फील्डचा (बाहेरच्या न फिरणाऱ्या गुंडाळीचा) रंगही बदललेला नाही. लोडनं जळलं असतं तर सगळंच भाजलं असतं. एका जागी तार शॉर्ट होते तेव्हा माझं पहिलं बोट इन्सुलेशनकडे, म्हणजे कारखान्याकडे जातं. माझं चुकतही असेल. पण ‘ओव्हरलोड’ कशावरून ठरवलं, हे त्या पोराला कोणीच दाखवलं नाही. त्याच्या हातात लेखी कागदही नाही. आता 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन लावून तो काय सांगणार? तेव्हा पहिली मागणी ही, की वॉरंटी नाकारली तर कारण लिहून, जळक्या भागाच्या फोटोसह देणं सक्तीचं करा. सेंटरवाल्याचा दोन मिनिटांचा वेळ जाईल.

दुसरी गोष्ट जास्त खुपणारी आहे. काही मशीनच्या कार्डावर बारीक अक्षरात छापलेलं असतं, की व्यावसायिक वापर केल्यास वॉरंटी रद्द. दुकानदार विकताना हे सांगत नाही. मार्बल कटर घरात हौसेसाठी कोण घेतं? 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तर स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी वस्तू घेऊन स्वतः वापरणारा माणूस ग्राहकच धरलाय. लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स प्रकरणात 1995 साली सर्वोच्च न्यायालयानंही तेच सांगितलं. एक-दोन मदतनीस हाताशी असले तरी त्याचं ग्राहकपण जात नाही. म्हणजे कार्ड काहीही म्हणो, सदोष मालाची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात करायचा हक्क त्याला आहे. पण त्याला दिसतं ते कार्ड, कायदा दिसत नाही. हातावर पोट असलेल्या कारागिराला ही व्यावसायिक वापराची अट लागू नाही, असं त्याच कार्डावर छापायला लावा.

आणि भाषा. आवेष्टित (पॅकबंद) वस्तूंच्या नियमांत खोक्यावरची माहिती हिंदी किंवा इंग्रजीत लागते, इतर भाषा जास्तीची म्हणून चालते. वजनमापं खातं तुमच्याकडेच आहे. निदान काय भरून मिळेल आणि काय नाही, एवढ्या दहा ओळी मराठीत येऊ द्या. पक्कं बिल जपून ठेव, मशीन बाहेर खोललंस तर वॉरंटी जाते, हेही त्यातच येईल. (माझ्या धंद्याच्या विरुद्ध बोलतोय, पण ते खरं आहे.)

2022 मध्ये तुमच्या खात्यानं दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल काढलं. शेतीची अवजारं, मोबाईल, घरगुती उपकरणं, गाड्या अशी चार क्षेत्रं त्यासाठी धरली. हातातली विजेची अवजारं त्यात स्वतंत्रपणे घ्या. सुट्या भागांचे दर आणि वॉरंटीच्या अटी तिथे मिळाल्या तर मीही गिऱ्हाइकाला धड उत्तर देईन.

त्या पोराला मी आर्मेचर बदलून दिलं, पैसे त्याच्या खिशातून गेले. जुनं भंगारात टाकलेलं नाही, वर्तमानपत्रात गुंडाळून ड्रॉवरमध्ये ठेवलंय. आपल्या खात्याचा कोणी अधिकारी इकडं आला तर ती एक जळकी कॉइल दाखवतो.

आपला,
एक वायंडिंग मिस्त्री, विटा (जि. सांगली)