नदीला ‘व्यक्ती’ केल्याने काय बदलते?

महोदय,

नदीला कायदेशीर व्यक्तिमत्त्व (म्हणजे माणसासारखे स्वतःचे हक्क आणि न्यायालयात दाद मागण्याची मुभा) देण्यावर सध्या जगभर बरेच संशोधन होत आहे. त्यातल्या उत्साही लेखनात न्यूझीलंडची व्हांगानुई नदी आणि आपली गंगा-यमुना सर्रास एकाच ओळीत बसवतात. हे चूक आहे.

न्यूझीलंडमध्ये 2017 साली संसदेने कायदा केला. त्यामागे तिथल्या मूळनिवासी माओरी समाजाचा शतकाहून जुना दावा आणि सरकारशी झालेला करार होता. नदीच्या वतीने बोलायला दोन जण नेमले जातात, एक सरकारचा आणि एक माओरींचा. सोबत 3 कोटी न्यूझीलंड डॉलरचा निधी. सरकारी मालकीचे नदीपात्र नदीच्याच नावे झाले. खासगी मालकीचे भाग मात्र वगळले. पाण्याची मालकी कोणालाच मिळाली नाही आणि वरच्या भागातले पाणी वीजनिर्मितीसाठी वळवण्याचे जुने परवानेही कायम राहिले. गौरवलेखांत हा भाग सहसा सापडत नाही.

गंगा-यमुनेला व्यक्ती ठरवणारा उत्तराखंड उच्च न्यायालयाचा आदेशही मार्च 2017 मधलाच. पण त्याने पालक म्हणून सरकारी अधिकारीच नेमले. म्हणजे ज्याच्याविरुद्ध दाद मागायची तोच वकील! शिवाय नदी अनेक राज्यांतून वाहते. पुरात नुकसान झाले तर भरपाई कोण देणार, असा राज्य सरकारचा सवाल होता. जुलैत सर्वोच्च न्यायालयाने आदेशाला स्थगिती दिली.

तुलना करायचीच तर पालक कोणी नेमला, पैसा कुठून येतो आणि जुन्या परवान्यांचे काय झाले, हे आधी तपासावे.

— एक वाचक